लघवीची जळजळ थांबल्यावर गुडघा का सुजला?

तीन आठवड्यांपूर्वी लघवीला जळजळ होऊन थोडा पू गेला, दोन दिवस गोळ्या घेतल्यावर तो थांबला, आणि आता गुडघा सुजून एक डोळा लाल झाला आहे. या दोहोंचा संबंध असू शकतो का, असे आपण विचारले आहे. असू शकतो, आणि म्हणूनच हा गुडघा निव्वळ गुडघ्याचे दुखणे समजू नये.

मी गुप्तरोगांच्या बाह्यरुग्ण विभागात काम केले आहे. तेथे एक तरुण दोन महिने वेदनाशामक गोळ्या खाऊन आला होता. सकाळी पहिले पाऊल टेकताना टाचेतून कळ येते, एवढीच त्याची तक्रार होती. मोजे काढायला लावले, तेव्हा दोन्ही तळव्यांवर पिवळसर तपकिरी, जाड खपल्या दिसल्या. पू जात होता का, असे विचारल्यावर तो बराच वेळ खाली पाहत राहिला. तोपर्यंत हा प्रश्न त्याला कोणीच विचारला नव्हता, आणि त्यानेही आपणहून काही सांगितले नव्हते.

त्याला झाला होता तो प्रतिक्रियात्मक संधिवात. क्लॅमिडिया या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतूच्या संसर्गानंतर साधारण एक ते चार आठवड्यांत, शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे सांधे, टाच, डोळे आणि कधीकधी शिश्नावरील त्वचा यांना दाह होतो. सांध्यातील पाणी काढून त्याचे संवर्धन केले, म्हणजे त्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिले, तरी त्यात जंतू वाढत नाहीत. एचएलए-बी२७ हा जनुकीय घटक असणाऱ्यांत याचा धोका अधिक असतो.

परम्याचे (गोनोरियाचे) मात्र वेगळे आहे. त्याचे जंतू क्वचित रक्तात शिरतात. मग ताप येतो, मनगट किंवा घोट्याजवळचे स्नायुबंध दुखतात, हातापायांवर मोजक्याच पूयुक्त पुटकुळ्या उठतात, आणि प्रत्यक्ष सांध्यातच पू झाला तर काही दिवसांत तो सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. ताप असेल, गुडघा गरम लागत असेल, तर उद्याची वाट पाहू नका. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तरीही त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, कारण उपदंशही (सिफिलिस) कोणत्याही अवस्थेत डोळ्यात किंवा कानात उतरू शकतो आणि उपचार लांबल्यास दृष्टी किंवा श्रवणशक्ती जाऊ शकते.

वृषणाला सूज येणे आणि मूत्रमार्ग आकुंचन पावणे हे परिणाम तुलनेने परिचित आहेत, म्हणून त्यांच्याविषयी येथे लिहीत नाही.

आपण घेतलेल्या गोळ्यांचे पाकीट जपून ठेवले असेल तर सोबत न्या. दोन दिवसांत पू थांबला याचा अर्थ संसर्ग संपला असा होत नाही. लघवीच्या पहिल्या धारेची क्लॅमिडिया व परम्यासाठी चाचणी, उपदंश आणि एचआयव्हीसाठी रक्ततपासणी, व गरज भासल्यास गुडघ्यातील पाण्याची तपासणी करतात. हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात, तर गुडघा दाखवण्याआधी पुवाविषयी सांगा. जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार याच वेळी व्हायला हवेत, आणि दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत शरीरसंबंध टाळावा.