गढूळ पाणी आणि सातवा महिना

प्रश्न : सूनबाईंना सातवा महिना आहे. पावसात नळाला गढूळ पाणी येतं. तुरटी फिरवली की पुरे ना? की बोअरचं वापरावं? – एक सासूबाई, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : नाही, तुरटीने फक्त गाळ बसतो, विषाणू पाण्यातच राहतात. खरी भीती हिपॅटायटिस ई या काविळीची. एरवी ती बहुधा आपोआप बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांत यकृत निकामी होऊन बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी चौपदरी सुती कापडातून गाळा. मग खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा. नुसती वाफ आली म्हणून उतरवू नका. गार करून त्याच भांड्यात झाकून ठेवा आणि ओगराळ्यानेच काढा. उकळलेल्या पाण्यात हात बुडवला की सगळी मेहनत वाया! दात घासायला, कोथिंबीर धुवायलाही हेच पाणी घ्या.

बोअरचं पाणी स्वच्छ दिसलं तरी तपासून घ्या. उसाला टाकलेल्या युरियाचं नायट्रेट त्यात उतरतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. अशा पाण्यात तान्ह्याची दुधाची पावडर तर कधीच कालवू नका.

लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, उलट्या थांबत नाहीत, गुंगी येते, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काविळीचं झाडपाल्याचं औषध देऊ नका.