दिवाळीच्या फराळाला त्या मित्राला बोलवायचं का?

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून हकिगत तेवढी थोडक्यात सांगते. त्यांचे यजमान आणि त्यांचा एक मित्र साधारण एकाच सुमाराला अमेरिकेत आले, लग्नाआधी एका अपार्टमेंटमध्ये राहिले, दोन्ही घरची मुलं एकमेकांच्या घरात वाढली. २०२४ मध्ये मित्राने ट्रम्प यांना मत दिलं, यजमानांनी कमला हॅरिस यांना. तेव्हा थोडी कुरबुर झाली आणि निवळलीही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये, नव्या एच-वन-बी (परदेशी कर्मचाऱ्यांच्या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लागणार ही बातमी आली, त्याच शनिवारी दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली होती. मित्र म्हणाला, "चुकलं काय त्यात? या कन्सल्टन्सीवाल्यांनी काय घोळ घालून ठेवलाय, तुला माहीत नाही का?" ताईंचा दीर टेक्सासमध्ये एच-वन-बीवर आहे. यजमान उसळले, "तुझं ग्रीन कार्ड वेळेत झालं म्हणून तोंड चालतंय तुझं." ताईंचा कॉलेजात जाणारा मुलगा मध्ये पडला आणि काकांना तोंडावर रेसिस्ट म्हणाला. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासऱ्यांनी सोफ्यावरूनच मित्राची बाजू घेतली. काकू, म्हणजे मित्राच्या पत्नी, भरल्या ताटावरून उठल्या. ताई विचारतात, दिवाळीच्या फराळाला त्यांना बोलवू की नको? यजमान नको म्हणतात. मुलगा म्हणतो, ते येणार असतील तर मी घरी येत नाही.

ताई, बोलवा. आमंत्रण व्हॉट्सअॅपवर टाकू नका, फोन करा, आणि तो तुम्ही काकूंना करा. त्या अन्नावरून उठल्या आहेत. राजकारणाचा विषय नंतर, आधी त्यांची विचारपूस.

आता त्या जेवणाबद्दल. ते भांडण झालं तेव्हा भांडणाऱ्या कोणालाच पुरतं माहीत नव्हतं की हुकूम नेमका काय आहे. शुक्रवारी, १९ सप्टेंबरला संध्याकाळी आदेशावर ट्रम्प यांची सही झाली आणि रविवारपासून तो लागू होणार होता. भारतात सुट्टीला गेलेल्या कितीतरी जणांनी त्या रात्री मिळेल त्या भावाने परतीची तिकिटं काढली. शनिवारी सरकारकडून खुलासा आला: शुल्क एकदाच, तेही नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना किंवा मुदतवाढीला नाही. म्हणजे तुमच्या दिरांना ते शुल्क लागणारच नव्हतं. पण त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. शुक्रवारी रात्री आपल्या पायाखालची जमीन आहे की नाही हे ज्याला कळत नाही, त्याला शनिवारच्या खुलाशाने कितीशी झोप लागणार?

अगदी असंच २०२५ च्या मे महिन्यात झालं होतं. भारतात पैसे पाठवण्यावर पाच टक्के कर लागणार, हा मजकूर प्रत्येक मराठी ग्रुपवर फिरला आणि घराघरांत वाद पेटले. विधेयकात तो आकडा खरंच होता. पुढे तो साडेतीन टक्के झाला आणि जुलैमध्ये प्रत्यक्ष कायदा झाला तेव्हा एक टक्का उरला, तोही रोख, मनीऑर्डर किंवा कॅशियर्स चेकने पाठवणाऱ्यांना, जानेवारी २०२६ पासून. आपल्यातले बहुतेक लोक बँक खात्यातूनच आई-वडिलांना पैसे पाठवतात, त्यांना तो लागतच नाही. मे महिन्यात तोडलेली बोलणी मात्र काही घरांत अजून तुटलेलीच आहेत. याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की आपल्या घरात पक्षावर वाद घालू नका, त्या एका कायद्यावर घाला. कोणाला लागू, कधीपासून, किती, हे तिन्ही माहीत होईपर्यंत आवाज चढवायचा नाही. हा नियम यजमानांना आणि त्यांच्या मित्राला सारखाच.

हे का म्हणते, तर आपल्या लोकांच्या मूळ प्रश्नावर पक्षांची रेघ सरळ नाहीच. डिसेंबर २०२४ मध्ये एच-वन-बीवरून सगळ्यात मोठी जुंपली ती ट्रम्प यांच्याच समर्थकांत. एका बाजूला व्हिसा हवा म्हणणारे उद्योजक इलॉन मस्क आणि विवेक रामास्वामी, दुसऱ्या बाजूला व्हिसाच नको म्हणणारे. पुढच्याच महिन्यात या व्हिसावर कडक टीका केली ती डेमोक्रॅट्सच्या गोटात बसणाऱ्या बर्नी सँडर्स यांनी. आणि ग्रीन कार्डची रांग? दरवर्षीच्या ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही, ही अट १९९० च्या कायद्यातली. त्यावर सही रिपब्लिकन अध्यक्षांची आणि तो मंजूर करणारी इथली संसद (काँग्रेस) डेमोक्रॅट बहुमताची. ती अट काढण्याचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, दोन्ही पक्षांच्या मतांनी. सेनेटने २०२० च्या डिसेंबरात त्याचं वेगळं रूप मंजूर केलं, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि सगळं बारगळलं. तुमच्या दिरांच्या आयुष्याची ही वर्षं ज्या रांगेत चालली आहेत, ती रांग दोन्ही पक्षांनी मिळून तशीच ठेवली आहे. मित्राला आणि यजमानांना एकत्र बसून चिडायचं असेल तर याच्यावर चिडावं.

मित्राबद्दल एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. ८५,००० जागांच्या लॉटरीत काही कंपन्यांनी एकाच माणसाचे अनेक अर्ज भरले, त्यामुळे सरळ मार्गाने येणाऱ्यांची संधी हुकली, हे खरं आहे आणि त्यासाठी २०२४ पासून सोडतीचे नियमही बदलले. पण ज्याच्या घरातला माणूस त्या व्हिसावर आहे, त्याच्या ताटासमोर तो मुद्दा कसा काढायचा याचं भान राहिलं नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळायचा. घर घ्यावं की नाही, मुलांना पुढच्या वर्षी शाळा कुठली, हे सगळं त्या साठ दिवसांवर टांगलेलं. शिवाय २० जानेवारी २०२५ ला जन्मसिद्ध नागरिकत्वाचा जो आदेश निघाला, त्यात आई-वडील अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेली इथे जन्मणारी बाळंही धरली आहेत. त्याच वर्षी न्यायालयांनी तो अडवला, पण व्हिसावरच्या गरोदर बाईला त्या अडवण्याचा आधार केवढा वाटणार? नागरिकत्व मिळालेल्याला हे सगळं मागे पडलेलं असतं. ते विसरणं माणसाचं आहे. आठवण करून द्यायला मित्र असतात.

उलट बाजूही पाहा. मित्राच्या मनात दुसरेच आकडे असतील. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्स भरणाऱ्या माणसाला २०१७ मध्ये राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर आलेली १०,००० डॉलरची मर्यादा चांगलीच बोचली होती, आणि २०२५ मध्ये ती ४०,००० झाली. मर्यादा आली तीही ट्रम्प यांच्या कायद्याने आणि वाढली तीही. यजमानही तोच टॅक्स भरतात. यावर दोघं कधी शांतपणे बोललेत का, विचारा एकदा.

वादात एक वाक्य मात्र कोणीही उच्चारू नये: "तुला मत नाही, तू बोलू नकोस." पत्रात लिहिलंय की दिरांना फोनवर हे ऐकवलं गेलं. ज्याला मत नाही त्यालाच धोरणाचा फटका आधी बसतो, म्हणून त्याचं बोलणं आधी ऐकायचं. याच ओघात एक ताकीद, कारण अशा टोमण्यांनी डिवचून माणूस भलतंच करून बसतो. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या कोणीही मतदार नोंदणीचा फॉर्म भरू नये. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना खिडकीवरचा कर्मचारी सहज विचारतो, माणूस घाईत हो म्हणतो आणि सही करतो. नागरिक नसताना मी नागरिक आहे असं लिहून देणं म्हणजे पुढचे इमिग्रेशनचे सगळे दरवाजे स्वतःच्या हाताने लावून घेणं. निवडणुकीच्या देणग्यांचंही तसंच: ग्रीन कार्डधारकाला त्या देता येतात, एच-वन-बीवाल्याला नाही. दिरांना हे नक्की सांगा.

आता मुलगा. तो इथल्या शाळेत शिकलाय, त्याने काय काय ऐकून घेतलं असेल ते त्याने तुम्हाला सगळं सांगितलेलं नसणार. त्याच्या चिडीला घरात जागा हवी. "मोठ्यांशी असं बोलतात का?" एवढ्यावर त्याला गप्प करू नका, त्याने तो फक्त दूर जाईल. पण ज्या काकांनी त्याला सायकल शिकवली (हे पत्रातच आहे), त्यांना एका शब्दात मोडीत काढलं, हे बरोबर झालं नाही, असं त्याला एकटं गाठून, प्रेमाने, ठामपणे सांगा. माफी मागायला लावू नका. फराळाला ये, आणि काकांना एकच प्रश्न विचार, "तुम्ही मत का दिलंत?", मग मधे न बोलता ऐक, इतकंच मागा. आणि काकांनाही आधी कळवा की तो विचारणार आहे. त्यांनी त्याच्या मित्रमैत्रिणींबद्दल, कोणाच्या रंगाबद्दल, कोण कोणावर प्रेम करतं याबद्दल हलकं काही बोललं, तर मात्र त्या क्षणी थांबवायचं काम यजमानांचं. ते मुलावर सोडायचं नाही. मतभेद घरात चालतील, कोणाला खाली पाहायला लावणं चालणार नाही.

सासऱ्यांचा मला राग येत नाही. दिवसभर तुम्ही दोघं कामावर, बाहेर गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, मग टीव्ही आणि यूट्यूब हीच सोबत. त्यांचं बरंचसं भांडण पुण्यातल्या राजकारणाचं असतं, ते इथल्या नावांनी चालतं एवढंच. संध्याकाळी अर्धा तास त्यांना पार्कात घेऊन जा. तिथे इतर आजी-आजोबा भेटतील. जेवणाच्या टेबलावर टीव्ही बंद, हा नियम त्यांनाच करायला सांगा. घरातल्या मोठ्याने केलेला नियम सगळे पाळतात.

इथल्या मराठी मंडळाबद्दलही विचारलंय, कारण वादाचे स्क्रीनशॉट मंडळाच्या ग्रुपवर गेले. आपली बहुतेक मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात, आणि अशा संस्थेला कुठल्याही उमेदवाराची बाजू घ्यायला किंवा विरोध करायला १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. मतदान कुठे, कधी, नोंदणी कशी, हे पक्ष न घेता सांगता येतं. बाकीचं अध्यक्षांनी काढून टाकावं, उमेदवार मराठी असला तरी. मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून आलेले श्री ठाणेदार बेळगावात वाढलेले, आपल्यातले. त्यांचा अभिमान वैयक्तिक फोनवरून जरूर मिरवा, मंडळाच्या नावाने प्रचार नको.

४ नोव्हेंबर २०२५ ला तुमच्या राज्यात गव्हर्नरची निवडणूक झाली. जून २०२५ मध्ये वाढलेलं विजेचं बिल दोन्ही घरांत सारखंच येतं. त्या निवडणुकीतले उमेदवार मिकी शेरिल आणि जॅक चिटारेली यांचं त्यावर काय म्हणणं होतं, हे यजमान आणि मित्राने आपापलं वाचून एकमेकांना सांगावं. मत वेगळं पडलं तरी पडू दे.

फोन मात्र लांबवू नका. काकूंना म्हणा, "त्या दिवशी तुमचं जेवण राहिलं, माझ्या जिवाला लागलंय. रविवारी या. चकलीला तुमचा हात लागतो, तेव्हा जरा लवकरच या." त्या काही वेळ गप्प राहिल्या तर राहू द्या, फोन ठेवू नका.