ठेव मोडून रायफल घ्यावी का?

नमस्कार.

तुमच्या पत्राचा सारांश असा. घर वस्तीपासून लांब, रानाच्या कडेला. वादळात रस्ता बंद होतो, वीज जाते, मदत पोचायला वेळ लागतो. घरात तुम्ही दोघं, आई आणि १४ वर्षांचा मुलगा. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी मुदत ठेव आहे. तिच्यातला एक तृतीयांश भाग काढून अर्धस्वयंचलित रायफल (घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते) आणि हजार काडतुसं घ्यावीत असं तुमच्या मनात आहे, आणि पत्नीला ते पटत नाही. रानडुकरं, अन्नटंचाई आणि घरात शिरणारा माणूस, अशी तीन कारणं तुम्ही दिली आहेत.

ठेव मोडू नका. बंदूक घ्यायला माझी हरकत नाही, पण ही रायफल नको आणि इतक्या घाईने नको.

आधी ठेवीबद्दल. नोकरी जाते, घरातलं माणूस आजारी पडतं, वादळात छप्पर उडतं. या सगळ्यांत पहिल्या दिवसापासून लागतो तो रोख पैसा. नीट निगा राखली तर बंदुकीची किंमत बऱ्यापैकी टिकते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण ती विकायची तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, कागदपत्रं हवीत, मध्ये विक्रेत्याचं कमिशन आलं, आणि अडचणीच्या काळात विकायला निघालेले तुम्ही एकटे नसता. म्हणून तिला आणीबाणीच्या निधीत धरता येत नाही.

तुमच्या तीन कारणांपैकी अन्नटंचाईचं मी सरळ बाजूला ठेवतो. आपत्तीत शिकारीवर घर चालवणं हा पैशाचा आणि वेळाचा फार वाईट सौदा आहे. शिकारीला ऋतू असतो, नियम असतात, दिवसेंदिवस हात हलवत परतावं लागतं, आणि त्याच रानात बाकीचेही शिकारीला उतरलेले असतात. चार माणसांचा महिनाभराचा कोरडा शिधा बहुतेक ठिकाणी साध्या बंदुकीपेक्षा स्वस्त पडतो. पाण्याचा हिशेब दर माणशी दिवसाला चार लिटर असा धरतात, म्हणजे दोन आठवड्यांना तुम्हाला २२४ लिटर साठा लागेल. तेवढी पिंपं घरात आहेत का? पत्रात त्यांचा उल्लेख नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटली.

आपत्तीत जवळ कसली बंदूक असावी, यावर सर्वांत बारकाईने विचार केला तो वैमानिक आणि अंतराळवीरांना साहित्य पुरवणाऱ्यांनी. एआर-७ ही अशाच प्रसंगांसाठीची रायफल १९५९ची. .२२ची, म्हणजे इंचाच्या सुमारे २२ शतांश जाडीच्या छोट्या गोळीची, आणि इतकी सुटसुटीत की नळी आणि यंत्रणा दस्त्याच्या पोकळीत मावते. १९६५च्या मार्चमध्ये सोव्हिएत अंतराळयान वोस्खोद-२ ठरल्या जागेपासून खूप दूर, बर्फाळ जंगलात उतरलं आणि त्यातले अंतराळवीर लिओनोव्ह व बेल्यायेव्ह यांना दोन रात्री तिथे काढाव्या लागल्या. पुढे १९८६पासून सोव्हिएत अंतराळवीरांबरोबर टीपी-८२ नावाचं तीन नळ्यांचं पिस्तूल जाऊ लागलं. या दोन्ही शस्त्रांत मारा मोठा करण्याचा हट्ट नाही. वजन कमी, रचना साधी, आणि सुटका होईपर्यंतचे थोडे दिवस निभावणं एवढाच हेतू. बाकी तयारी म्हणजे रेडिओ, उबदार कपडे, औषधं.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७पासून चालत आलं आहे आणि शिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही. धक्का जवळपास लागत नाही, काडतुसं स्वस्त, आणि पाचशे काडतुसांचं वजन दोन किलोसुद्धा भरत नाही. बारा बोअरची, म्हणजे शॉटगनच्या नेहमीच्या जाड नळीची, पंचवीसच काडतुसं किलोभर होतात. पण .२२ ला कमी लेखू नका, तिची गोळी दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. उणी बाजूही आहे. रिमफायर असल्यामुळे, म्हणजे ठिणगीचं मिश्रण काडतुसाच्या कडेत असल्यामुळे, फुसका बार निघण्याचं प्रमाण जरा जास्त, वापरलेलं काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही. आणि तुमची खरी अडचण रानडुकराची असेल तर .२२ उपयोगाची नाही. जखमी डुक्कर अंगावर येतं, आणि जनावराचे हाल होतात ते वेगळेच.

आता तुमच्या मनातली अर्धस्वयंचलित रायफल. तिचा खर्च किमतीच्या पाटीवर थांबत नाही. जादा मॅगझिन, दुर्बीण, महाग काडतुसं आली, आणि ती महाग म्हणूनच सराव टाळला जातो. दुसरा धोका कायद्याचा, आणि पैशाच्या दृष्टीने मला तो मोठा वाटतो. ब्रिटनने १९८८मध्ये, ऑस्ट्रेलियाने १९९६मध्ये आणि न्यूझीलंडने २०१९मध्ये अशा बहुतेक रायफली सामान्य नागरिकांच्या हातून काढून घेतल्या. भरपाई मिळाली, पण ती सरकारने ठरवलेल्या दराने. ज्या वस्तूचा बाजार एका कायद्याने बंद होऊ शकतो, तिच्यात घराची गंगाजळी घालायची नसते.

मग एकच बंदूक घ्यायची तर कोणती? तुमच्यासाठी साधी शॉटगन. एकाच नळीतून बारीक छर्रे, मोठे छर्रे आणि स्लग, म्हणजे एकच जाड गोळी, असं तिन्ही चालतं. डुकरासाठी, जिथे कायदा मुभा देतो तिथे, जवळच्या अंतरावरून स्लगच लागतो, बारीक छर्ऱ्यांनी काही होत नाही. पंप अ‍ॅक्शन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरायची शॉटगन, मजबूत असते. रेमिंग्टन ८७० सारख्या नमुन्याच्या एक कोटीहून जास्त बंदुका बनल्या आहेत, त्यामुळे सुटे भाग आणि जुन्या बंदुका दोन्ही मिळतात. पण ऑस्ट्रेलियातल्या त्याच बदलात पंप शॉटगनवरही कडक बंधनं आली. दुनळी मात्र बहुतेक देशांत सर्वांत कमी अडथळ्यांची. ती उघडली की भरलेली आहे की रिकामी ते लांबूनही दिसतं, आणि घरात मुलगा असताना ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणून माझा कौल दुनळीला. पत्नीही शिकणार असतील तर वीस बोअरची बघा, तिची नळी बारा बोअरपेक्षा बारीक असते आणि तिचा धक्का बहुधा सोसवतो.

जुनी घ्यायला अजिबात लाजू नका, फक्त परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या. रिकामी असल्याची दोनदा खात्री करून ती उघडा आणि नळीत मागच्या बाजूने उजेड पाडा. आत आरशासारखी चकाकी हवी. काळे खड्डे म्हणजे गंज, आणि मध्येच अंगठीसारखी गोल सावली दिसली तर नळी कधीतरी फुगलेली आहे, ती घेऊच नका. दुनळी बंद करून दस्ता हातात धरून हलवा, सांध्यात खडखड नको. नळीवर काडतुसाच्या कोठीची लांबी कोरलेली असते. ६५ मिलिमीटरच्या कोठीत ७० मिलिमीटरचं काडतूस कधीही वापरायचं नाही, ते आत बसतं म्हणून लोक फसतात. मग बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून तपासणी करून घ्या. त्याची फी हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत सत्कारणी लागणारा पैसा.

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं खर्चाच्या क्रमाबद्दल आहे. लोक आधी बंदूक घेतात, मग काडतुसं, उरलंच तर तिजोरी, आणि प्रशिक्षण राहून जातं. तुम्ही हा क्रम उलटा लावा. आधी निशाणबाजीच्या क्लबात नाव घाला आणि तिथल्याच बंदुकीवर शिका. चार-पाच वेळा गेल्यावर खांद्याला काय झेपतं, हाताला काय बसतं हे कळेल, आणि कदाचित घेण्याची इच्छाच राहणार नाही. तसं झालं तर थोडक्यात सुटलात. मग भिंतीला बोल्टने पक्की बसवलेली तिजोरी. त्यानंतर बंदूक. काडतुसं सर्वांत शेवटी, आणि तीही लागतील तेवढीच, दर महिन्याला थोडी. एकदम हजार घेण्यामागे टंचाईची भीती असते. ती अगदीच खोटी नाही, अमेरिकेत २०१३च्या सुमारास .२२ची काडतुसं दुकानांतून गायब झाली होती आणि २०२०मध्ये पुन्हा तसंच झालं. पण त्याचं उत्तर थोडा साठा कायम ठेवणं. घबराट पसरल्यावर धावाल तर चढ्या भावाने घ्याल. थंड, कोरड्या जागी काडतुसं वर्षानुवर्षं टिकतात.

एकूण खर्च १०० धरला तर बंदुकीवर ४० पेक्षा जास्त जाऊ देऊ नका. तिजोरीला २०, प्रशिक्षण आणि सरावाच्या काडतुसांना ३०, उरलेले १० परवाना, साफसफाईचं सामान आणि कानाच्या संरक्षणाला. शॉटगनचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, एका बारानेही कान कायमचा अधू होऊ शकतो. परवाना आणि प्रशिक्षणात काही महिने जाणारच आहेत. म्हणजे पैसे टप्प्याटप्प्याने लागणार, आणि दरमहाच्या बचतीतून आठ-दहा महिन्यांत सगळं बसतं. ठेव मोडायचं कारणच उरत नाही.

घरात शिरणाऱ्या माणसाबद्दल थोडं. पक्कं दार, अंगणात आपोआप लागणारा दिवा, शेजाऱ्यांशी ठरलेली खूण आणि मोबाइलला रेंज नसेल तर दुसरी सोय. हे आधी करा. कुलूपबंद तिजोरीतली बंदूक झोपेतून उठून काढायला वेळ लागतो, आणि ती कुलपाबाहेर ठेवा असं मी कुणालाही सांगणार नाही.

आणि तुमच्या मुलाबद्दल स्पष्ट लिहितो. घरात बंदूक असली की त्या घरात आत्महत्येचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलं आहे. हे वय उतावीळ असतं. तिजोरीची किल्ली किंवा आकडा त्याला कळता कामा नये, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात हवीत. घरातलं कुणीही सध्या खचलेलं असेल, यात तुम्ही स्वतःही आलात, तर हा विषय पुढे ढकला आणि आधी डॉक्टरांना भेटा. पत्नीला पहिल्या दिवशी क्लबात बरोबर न्या. सगळं बघून त्या नाही म्हणाल्या तर बंदूक घेऊ नका. त्याही त्याच घरात राहणार आहेत.

घराच्या विमा पॉलिसीत शस्त्रांसाठी वेगळी मर्यादा असते का, आणि चुकून दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचं संरक्षण मिळतं का, हे कंपनीला लेखी विचारा. तुमच्या दोघांच्या मुदत विम्याचं आणि आईच्या आरोग्य विम्याचं पत्रात काहीच नाही. ते आकडे आणि ठेवीची मुदत संपण्याची तारीख कळवा, म्हणजे दरमहा किती बाजूला काढता येईल ते मांडून देतो.