ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन किती लांब आणि आधी काय बघायचं

दादा, तुम्ही विचारलंत की बायकोला घेऊन नोकरीसाठी लाँगयरब्येनला, म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या या गावात यायचंय, तर उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरापासून ते किती लांब आणि विमानाला किती वेळ लागतो. हवाई अंतर साधारण ९५० ते ९६० किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षा बरंच जास्त, मुंबई-दिल्लीपेक्षा कमी. दीड-पावणेदोन तासात पोचता. ओस्लोहून थेट आलात तर जवळपास तीन तास. जवळजवळ सरळ उत्तरेलाच जायचंय त्यामुळे घड्याळ बदलायला लागत नाही.

पण तिकिटाआधी व्हिसाचं बघा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. १९२० च्या करारामुळे इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही हे खरंय, पण यायची-जायची वाट नॉर्वेतूनच आहे ना, म्हणून शेंगेन व्हिसा डबल एन्ट्रीचाच घ्या. सिंगल एन्ट्रीवर आलात तर इकडे येतानाच शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि मग परत जायची पंचाईत. ओस्लोहून ट्रॉम्सोमार्गे येणारं विमान असेल तर ट्रॉम्सोला सगळ्यांना खाली उतरवून पासपोर्ट तपासतात, त्यामुळे पासपोर्ट वरच्या बॅगेत टाकून झोपू नका. आणि हो, इथे राहिलेली वर्षं नॉर्वेच्या कायम रहिवासासाठी धरत नाहीत, तो हिशोब आधीच करून ठेवा.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते, कारण वहिनी सोबत येतायत. इथलं हॉस्पिटल छोटं आहे, ट्रॉम्सोच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलचाच भाग, आणि जरा गंभीर काही झालं की एअर अ‍ॅम्ब्युलन्सने ट्रॉम्सोलाच नेतात. बाळंतपण इथे करत नाहीत, तारखेच्या काही आठवडे आधीच खाली नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जाऊन राहावं लागतं. म्हणजे हे साडेनऊशे किलोमीटर तुमच्या घर आणि दवाखान्याच्या मधलं अंतर आहे, असं धरून दोघांनी बसून नीट बोला. वहिनींचा इन्शुरन्स कोण काढणार तेही कंपनीला सरळ विचारा.

हवेचा भरवसा नाही. धुकं नाहीतर जोराचा वारा असला की विमान रद्द होतं, कधी अर्ध्या वाटेतून परतही फिरतं. ऑक्टोबर अखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, पण विमानं अंधारातही चालू असतात, त्याची काळजी नको. मुंबईचं तिकीट वेगळं काढणार असाल तर मध्ये निदान एक रात्र ओस्लोत ठेवा. जाडं जॅकेट आणि हातमोजे चेक-इन बॅगेत मुळीच टाकू नका, विमानाच्या जिन्याने उतरून उघड्यावरून चालत टर्मिनलमध्ये जायचं असतं आणि तेवढ्यातच बोटं बधिर होतात.

घरं इथे बहुतेक कंपन्यांच्याच हातात आहेत, बाजारात भाड्याने मिळणं महाकठीण. त्यामुळे दोघांना राहता येईल असं घर ऑफर लेटरमध्ये लेखी आल्याशिवाय तिकडची नोकरी सोडू नका.