गोलशून्य सामना लिहिताना

प्रिय,

त्या गोलशून्य फुटबॉल सामन्यावरचा तुझा मजकूर वाचला. मिनिटं, नावं, बदली खेळाडू सगळं बरोबर आहे, भाषाही स्वच्छ आहे. पण दुसऱ्या परिच्छेदात ‘नकारात्मक खेळ’ असं लिहिलं आहेस आणि त्याला आधार देणारं एकही निरीक्षण खाली नाही. माझ्या अंदाजाने ते विशेषण वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीतून आलं असावं. सामना आपल्याकडे रात्री साडेबारा-दीडला सुरू होतो, पान छपाईला सोडायची घाई असते, आणि घाईत तिकडचं मत इकडे बातमी म्हणून छापलं जातं. युरोपातल्या बचावात्मक संघांच्या बाबतीत हे फार होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक जुना हंगाम समोर ठेव. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा रेंजर्स, २००७-०८, प्रशिक्षक वॉल्टर स्मिथ. २३ ऑक्टोबर २००७ रोजी आयब्रॉक्स या घरच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांनी बार्सिलोनाला ०-० असं रोखलं. समोर मेस्सी, रोनाल्डिन्यो आणि ऑन्री होते. सामन्यानंतर मेस्सीने या खेळाला फुटबॉलविरोधी म्हटलं आणि तो शिक्का रेंजर्सला हंगामभर चिकटला. याच संघाने तीन आठवडे आधी फ्रान्सच्या ल्योंला त्यांच्या मैदानावर ३-० असं हरवलं होतं, हे शिक्का मारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आठवलं. पुढे गटात तिसरा येऊन रेंजर्स यूएफा कप या दुसऱ्या युरोपीय स्पर्धेत गेला आणि थेट अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. त्या नऊ सामन्यांत त्यांनी गोल केले फक्त पाच, त्यांच्यावर झाले चार, आणि सहा सामन्यांत त्यांनी गोल होऊच दिला नाही. पनाथिनाइकोस, स्पोर्टिंग, फिओरेंटिना या तिघांविरुद्ध घरच्या मैदानावर ०-०.

या तीन गोलशून्य बरोबऱ्यांना कंटाळवाणं म्हणणं सोपं होतं. पण तेव्हाचा नियम काय होता ते बघ. बाद फेरीत घरी आणि बाहेर असे दोन सामने व्हायचे; त्या दोन सामन्यांतल्या गोलांची बेरीज सारखी झाली, तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जायचा. घरी ०-० झालं, तर बाहेर १-१ सुद्धा पुरेसं. घरी १-१ झालं, तर बाहेर ०-० झाल्यावर तुम्ही बाद. म्हणजे घरच्या सामन्यात गोल करण्यापेक्षा गोल न होऊ देणं जास्त मोलाचं होतं. अथेन्समध्ये पनाथिनाइकोसविरुद्ध नेमकं हेच घडलं. रेंजर्स पिछाडीवर होता, ८१व्या मिनिटाला नाचो नोवोने बरोबरी साधली आणि १-१ वर तो पुढे गेला. लिस्बनमध्ये स्पोर्टिंगला २-० हरवलं. फिओरेंटिनाशी दोन्ही सामने ०-० सुटले आणि पेनल्टींवर रेंजर्स ४-२ असा जिंकला. घरच्या ०-० वर टीका करणाऱ्याने हे गणित वाचकाला सांगायलाच हवं होतं. त्यानंतरही खेळ आवडला नाही असं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता. २०२१-२२ पासून हा नियम रद्द झाला आहे, तेव्हा आजच्या घरच्या ०-० ला जुनं समर्थन लावू नकोस. आता बाहेर १-१ झालं की जादा वेळ खेळावा लागतो.

आता सामना बघायची पद्धत. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, बचाव मात्र चेंडूपासून दूर घडतो. म्हणून चेंडू थांबतो ते क्षण वापर: थ्रो-इन, गोलकिक, फ्री किक. तेव्हा कॅमेरा मागे येतो आणि फळ्या, म्हणजे खेळाडूंच्या ओळी, दिसतात. पेनल्टी क्षेत्राची खोली १६.५ मीटर असते, तीच तुझी मोजपट्टी. बचावफळी आणि मधली फळी यांच्यातलं अंतर या पट्टीपेक्षा बरंच कमी, साधारण दहा-बारा मीटर असेल, तर रचना शाबूत आहे. ते पट्टीएवढं झालं की समोरच्या संघाच्या दहा नंबरवाल्याला, म्हणजे आघाडीमागून चाली रचणाऱ्याला, वळून बघायला जागा मिळते. दर पंधरा मिनिटांनी वहीत चार गोष्टी टिप: बचावफळी कुठे उभी आहे, दोन फळ्यांतलं अंतर किती, विरोधी संघाचे फटके पेनल्टी क्षेत्रातून आले की बाहेरून, आणि चेंडू परत मिळाल्यावर पुढचे दोन पास आपल्याच माणसाकडे गेले का. चौथी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. पण बचाव करणारा संघ दमतो तो तिथेच. चेंडू नुसता लांब भिरकावला, पुढे एकटा आघाडीपटू दोन बचावपटूंच्या मध्ये अडकला, की दहा सेकंदांत पुढची लाट येते.

अशी रचना मोडते कुठे, तेही ओळखून ठेव. पहिली जागा फुलबॅक (कडेचा बचावपटू) आणि सेंटरबॅक (मधला बचावपटू) यांच्यामधली. विरोधी संघाचा विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, बाजूच्या रेषेला चिकटून उभा राहतो, फुलबॅक त्याच्याकडे ओढला जातो आणि मधून कुणीतरी धावत आत शिरतो. तिथे मधल्या फळीतल्या माणसाने मागे येऊन ती फट बुजवायची असते. तो उशिरा आला की संपलं. दुसरी जागा पेनल्टी क्षेत्राच्या कडेची. घाबरलेली मधली फळी बचावफळीच्या अंगावर येऊन बसते, दहाचे दहा जण गोलसमोर गोळा होतात, आणि गोलरेषेकडून मागे वळवलेला पास मिळणारा विरोधी खेळाडू तिथे मोकळा सापडतो. बातमीत ‘दडपण वाढलं’ असं लिहिण्याऐवजी यातलं काय झालं ते लिही.

बाजूने येणारे क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेले चेंडू, मोजताना सावध राहा. बरेचसे संघ ते मुद्दाम येऊ देतात. मधली वाट बंद करून चेंडू कडेला ढकलायचा, आणि आत उंच सेंटरबॅक उभे ठेवायचे. रेंजर्सकडे त्या कामाला कार्लोस कुएयार आणि डेव्हिड वेअर होते. त्यामुळे ‘तीस क्रॉस केले’ हा आकडा आक्रमकाचं यशही असेल किंवा बचावाचंही. फटक्यांचं तसंच. मार्च २०२० मध्ये अॅनफिल्ड या घरच्या मैदानावर लिव्हरपूलने अॅटलेटिको माद्रिदच्या गोलवर ३४ फटके मारले आणि जादा वेळेत सामना ३-२ ने गमावला. अॅटलेटिकोच्या यान ओब्लाकने सुरेख गोलरक्षण केलं हे खरंच. पण ३४ पैकी किती फटके सहा-आठ मीटरवरून आले आणि किती गर्दीतून, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्यातून वाचकाला काही कळत नाही.

त्या रात्री लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी म्हटलं की इतके चांगले खेळाडू हाताशी असताना अॅटलेटिको असं का खेळतो, हे आपल्याला समजत नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातम्या बहुतांशी त्या वाक्याभोवती फिरल्या. मेस्सीच्या वेळी तेच झालं होतं. बचावाबद्दलची सगळ्यात जहाल विशेषणं ज्यांना गोल करता आला नाही त्यांच्या तोंडून येतात. ती अवश्य छाप, पण अवतरणचिन्हांत, बोलणाऱ्याच्या नावासह. वार्ताहराच्या स्वतःच्या वाक्यात ती मिसळली की तक्रारच विश्लेषण होऊन बसते.

दुसरी खोड निकालावरून उलट्या दिशेने लिहिण्याची. २८ एप्रिल २०१०, बार्सिलोनाचं मैदान कॅम्प नोऊ, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना. पहिला सामना ३-१ जिंकलेल्या इंटर मिलानच्या थियागो मोट्टाला २८व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. त्यानंतर तासाभराहून जास्त वेळ दहा जणांनी बचाव केला. सॅम्युएल एटोसारखा आघाडीपटू फुलबॅकच्या जागी राबत होता. ८४व्या मिनिटाला बार्सिलोनाच्या पिकेने गोल केला, सामना बार्सिलोनाने १-० जिंकला, पण बेरजेत ३-२ ने इंटर अंतिम फेरीत गेला. सगळीकडे शौर्याच्या कथा आल्या. पण शेवटच्या मिनिटांत बार्सिलोनाच्या बोयानने चेंडू जाळ्यात मारला होता, तो त्याच्याच संघातल्या याया तूरेच्या हाताला चेंडू लागल्याच्या कारणावरून नाकारला गेला. तो गोल दिला असता तर बेरीज ३-३ झाली असती आणि परक्या मैदानावरच्या गोलामुळे बार्सिलोना पुढे गेला असता. इंटरची रचना, धावाधाव, चिकाटी, यातलं काहीही बदललं नसतं. मथळे मात्र भित्रेपणाचे आले असते. म्हणून सामन्याच्या ८०व्या मिनिटाला, निकाल कळण्याआधी, बचावाबद्दलचा परिच्छेद लिहून टाक. नंतर त्यात फक्त निकाल घाल.

सगळीकडचे पत्रकार एकाच नजरेने बघतात असंही नाही. इटलीत जान्नी ब्रेरा यांच्यासारखा मोठा क्रीडापत्रकार होता. निर्दोष सामना ०-० सुटतो, असं तो मानायचा. उलट ग्लासगोत मोजमाप ठरतं ते तिथल्याच सेल्टिकने २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये प्रशिक्षक हेलेनियो हेरेरा यांच्या बचावात्मक इंटरला २-१ हरवलं त्या दिवसावरून. ग्लासगोच्याच रेंजर्सने बचावावर अंतिम फेरी गाठली, तर तुलना होणारच. ती पार्श्वभूमी ओळखून तिथलं लिखाण वाच.

याचा अर्थ बचावाची बाजू घे असा मुळीच नाही. डिसेंबर २००७ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटात ल्योंविरुद्ध घरी पुढच्या फेरीसाठी रेंजर्सला बरोबरी पुरेशी होती. ल्योंच्या गोवूने १६व्या मिनिटाला गोल केला आणि पुढचा तासभर रेंजर्सला उत्तर सापडलं नाही. शेवटी बेंझेमाने आणखी दोन गोल केले. आधी गोल झाला तर काय करायचं, याची तयारी नसणं ही खरी त्रुटी, आणि टीका तिथे नेमकी करता येते. १४ मे २००८ रोजी मँचेस्टरमधल्या यूएफा कपच्या अंतिम सामन्यातही ७२व्या मिनिटाला रशियातल्या झेनितच्या डेनिसोव्हने गोल केल्यावर तेच दिसलं. भरपाई वेळेत झिरयानोव्हने दुसरा गोल केला आणि झेनित २-० जिंकला. मात्र रेंजर्स त्या हंगामात एकूण ६८ सामने खेळला, हेही त्याच बातमीत यायला हवं. वेळ काढणं, खोटं पडणं, मुद्दाम पाय घालणं यांवर खुशाल कडक लिही. त्यांचा रचनेशी संबंध नाही, त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात कर.

पुढच्या मजकुरासोबत वहीची पानंही पाठव, पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींसह. आणि ८०व्या मिनिटाला लिहिलेला परिच्छेद जसाच्या तसा, न सुधारता.

तुझा,
क्रीडापानावरचा एक जुना सहकारी