सेल्फ क्लीन एसी घेतला तर फिल्टर धुवावाच लागत नाही का?

तुम्ही विचारलंय की अंबाजोगाईला रस्त्यालगत घर आहे, धूळ फार येते, आणि दुकानदार म्हणतो सेल्फ क्लीनचा एसी घ्या, फिल्टरला हातसुद्धा लावावा लागणार नाही. हे खरं आहे का, ही यंत्रणा चालते कशी, आणि तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

मी परभणीत एसी दुरुस्तीचं काम करतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एसींमध्ये ‘सेल्फ क्लीन’ किंवा ‘ऑटो क्लीन’ म्हणजे आतल्या कॉइलची, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्या आणि पातळ पत्र्यांच्या भागाची सफाई. फिल्टरची जाळी त्यात येतच नाही. दुकानात या दोन गोष्टी सर्रास एक करून सांगतात आणि गिऱ्हाईक फसतं.

कूलिंग चालू असताना इनडोअरच्या कॉइलवर हवेतली वाफ धरते, तिचे थेंब होतात आणि ते पाणी ड्रेन पाइपने बाहेर जातं. एसी बंद केला की कॉइल तशीच ओली राहते. अंधार, ओल आणि धूळ एकत्र आली की बुरशी धरणारच. एसी लावल्या लावल्या कुबट वास येतो तो तिथलाच. म्हणून ऑटो क्लीनमध्ये कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही पंखा काही मिनिटं फिरत राहतो आणि कॉइल सुकवतो. ‘भाऊ, रिमोटनं बंद केला तरी फ्लॅप मिटत नाही’ असे फोन मला उन्हाळाभर येतात. तो बिघाड नाही. पण लोक वैतागून भिंतीवरचं बटण बंद करतात, नाहीतर नेमकी लाइट जाते, आणि कॉइल ओलीच राहते.

दुसरी पद्धत गोठवण्याची. यात पंखा अगदी हळू होतो किंवा थांबतो, कॉइलचं तापमान शून्याखाली नेलं जातं आणि फिनवर, म्हणजे कॉइलच्या पातळ पत्र्यांवर, पांढरा बर्फ धरतो. मग तो वितळतो आणि ते पाणी फिनमधली धूळ घेऊन खाली वाहतं. युक्ती चांगली आहे, पण हा बर्फ येतो खोलीतल्या हवेच्या ओलाव्यातून. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा ठणठणीत कोरडी असते, आर्द्रता पार २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. बर्फ कमी धरला की पाणी कमी, आणि धुणंही कमी. म्हणजे धूळ जास्त असते तेव्हाच याचा जोर कमी पडतो. पावसाळा लागला, हवा दमट झाली, की हे बटण जरूर वापरा.

खरोखर फिल्टर साफ करणारे एसी वेगळे. जपानमध्ये फुजित्सू जनरलने २००३ साली ‘नोक्रिया’ मालिकेत ही सोय आणली, नंतर इतर कंपन्यांनीही. त्यात एक छोटी मोटर असते. एसी ठरावीक तास चालला की ती जाळीला रुळावरून सरकवते, जाळी ब्रशवर घासत पुढे जाते, आणि निघालेली धूळ आतल्या डब्यात पडते. काही मॉडेलमध्ये ती धूळ ओढून पाइपने घराबाहेर टाकतात. डबा असेल तर तो कधी ना कधी रिकामा करावाच लागतो, आणि रस्त्यालगतच्या घरात लवकर. आणखी एक: हॉल आणि स्वयंपाकघर एकत्र असेल तर फोडणीचा तेलकट धूर जाळीवर बसतो. त्यात चिकटलेली धूळ कोरड्या ब्रशने निघत नाही, ती साबणाच्या पाण्यानेच निघते.

दुकानात ओळखायचं कसं? पुढचं पॅनल उघडून दाखवा म्हणा. हाताने ओढून निघणाऱ्या दोन साध्या जाळ्या दिसल्या, आणि ब्रश किंवा धुळीचा डबा कुठेच नाही, तर फिल्टर तुम्हालाच धुवायचाय.

आणि तो धुवाच, उन्हाळ्यात दर पंधरवड्याला. जाळी तुंबली की कॉइलवरून वारा कमी जातो, कॉइल नको तेवढी गार होते, तिच्यावर बर्फ चढतो आणि तो वितळताना पाणी भिंतीवरून ओघळतं. याला ‘गॅस गेलाय’ म्हणून पैसे काढणारेही भेटतात. आधी जाळी काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर तिथेच दुखणं आहे. मेन स्विच बंद करून जाळी काढा. पाण्याची टंचाई असेल तर आधी मऊ ब्रशने कोरडी झटका, मग अर्धी बादली पाणी पुरतं. धूळ बसलेल्या बाजूने नाही, उलट्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे धूळ छिद्रांत आणखी घुसत नाही. गरम पाणी नको, उन्हात वाळवणंही नको, जाळी वाकडी होते. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.

पैशाचं म्हणाल तर कॉइल सुकवणारं ऑटो क्लीन बऱ्याच एसींत असतंच, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. गोठवण्याच्या सोयीसाठी फार फरक पडत असेल तर तेही सोडा. तुमच्यासारख्या घरात ते पैसे फेब्रुवारीअखेरीस आणि दिवाळीनंतर जेट पंपाच्या, म्हणजे जोरदार पाण्याने धुण्याच्या, सर्व्हिसिंगला लावा, आणि मेकॅनिककडून आउटडोअरची, म्हणजे घराबाहेर बसवलेल्या भागाची, कॉइलही आठवणीने धुऊन घ्या. रस्त्याची धूळ तिच्यावर थेट बसते आणि बहुतेक एसींचं सेल्फ क्लीन ती धूळ धुऊन काढत नाही.