दूध बाधतं, मग दही कसं चालतं?

प्रश्न : वय ४२. कपभर दूध प्यायलं की तासाभरात पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जुलाबही होतात. दही-ताक मात्र रोज खाते, त्याचा काही त्रास नाही. ही दुधाची अ‍ॅलर्जी आहे का?

उत्तर : तसं वाटत नाही. अ‍ॅलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते. ती असती तर दहीही सहसा बाधलं असतं आणि अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं असंही झालं असतं. तुमच्या त्रासाचं मूळ बहुधा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं विकर असतं. ते लॅक्टोज तोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज वेगळं करतं, तेव्हाच ही साखर रक्तात जाते. तान्हेपणी हे विकर भरपूर असतं. पुढे जगातल्या बहुतेक माणसांत ते कमी होत जातं. त्यामुळे याला आजार तरी का म्हणावं!

न तुटलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढतं, म्हणून जुलाब. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून फुगारा.

दही लागताना विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात. उरलेलं तोडायला त्यांचंच विकर आतड्यात मदत करतं. कढी उकळली की ही मदत संपते, त्यामुळे ताक पचणाऱ्या एखाद्याला कढी जड जाऊ शकते. पनीर करताना बरंचसं लॅक्टोज निवळीबरोबर निघून जातं, तुपात ते जवळजवळ नसतंच. खवा आणि दुधाची पावडर यांत मात्र ते एकवटलेलं असतं. पेढ्यांच्या बाबतीत हात आखडता घ्या.

गाईच्या १०० मिली दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हणजे २५० मिलीच्या पेल्यात १२ ग्रॅम. चहातल्या ४० मिली दुधात जेमतेम २ ग्रॅम, तेवढं बहुतेकांना सोसतं. दोन आठवडे दूध पूर्ण बंद ठेवा, मग १०० मिली जेवणासोबत घेऊन पाहा. रिकाम्या पोटी नको. अन्नाबरोबर दूध जठरातून सावकाश उतरतं आणि विकराला वेळ मिळतो. दूध पातळ करून उपयोग नाही, साखर तेवढीच राहते.

कॅल्शियमसाठी दही आहेच, शिवाय नाचणी : १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम.

त्रास एखाद्या जुलाबाच्या साथीनंतर सुरू झाला असेल, तर अस्तर भरून येईपर्यंत काही आठवडे थांबा. वजन घटणं, शौचात रक्त, जुलाबाने रात्री झोपमोड होणं यांपैकी काहीही असेल, तर घरी प्रयोग न करता डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : जेवताना पाणी प्यायल्याने पाचकरस पातळ होतात का?

उत्तर : काळजी करण्याइतके नाही. पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं आणि जठर गरजेप्रमाणे आम्ल स्रवत राहतं. छातीत जळजळ होत असेल, तर एका दमात तांब्याभर पिऊ नका. ताणलेल्या जठरातून आम्ल वर येतं.